ऑप्शन फॉर्म कुणी भरला होता?

सगळ्यात आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. दहावीपर्यंत मराठी म्हणजे आमच्यासाठी एक पेपर, तोही गाईड पाठ करून काढलेला. ऱ्हस्व-दीर्घाच्या नावानं अजूनही बोंबच आहे. मराठी विभागासाठी लेख लिहितोय म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये जो हशा पिकला तो तुम्ही ऐकायला हवा होता. "अरे, इंग्लिश सेक्शनला दे की!" पण हा लेख मराठीतच हवा होता. त्याला कारण आहे, ते पुढे येईलच.

तर झालं असं, की गेल्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर झाला आणि संध्याकाळी आम्ही दोघं प्रीतिसंगमावर जाऊन बसलो. हातात भेळ, समोर कृष्णा-कोयना, डोक्यातून पेपर उतरलेला. आणि हा माझा मित्र एकदम म्हणाला, "तुला एक सांगायचंय. मला मुली आवडत नाहीत. म्हणजे तसल्या अर्थानं नाही आवडत. मुलं आवडतात."

मित्रांनो, अशा वेळी काय बोलायचं हे मोरल सायन्सच्या तासाला कुणी शिकवलेलं नसतं. माझ्या तोंडून निघालं, "पण तू असं का ठरवलंस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ठरवायला ती काय कॅप राउंड आहे का लेका? ऑप्शन फॉर्म भरला नव्हता मी. आणि भरायला मिळाला असता, तर हा ऑप्शन पहिल्या नंबरला टाकला असता का, तूच सांग."

मग बाकीचं कळलं. घरी दिवाळीत समजलं होतं. आईनं एवढंच विचारलं होतं, "आमचं काय चुकलं रे?" वडील म्हणाले होते, "हॉस्टेलला पाठवलं, तिथंच चूक झाली." म्हणजे बघा, आईला वाटतं संगोपन चुकलं. वडिलांना वाटतं संगत बिघडली. आणि मला, त्याच्या एवढ्या जवळच्या मित्राला, वाटलं की त्यानं मुद्दाम ठरवलं. तीन माणसं, तीन थिअरी, आणि तिघांपैकी एकानंही त्याबद्दल एक पान वाचलेलं नाही! मेसमध्ये टेबलावर एक ठराविक शब्द उडतो आणि सगळे हसतात, तुम्हाला माहिती आहे कुठला. मीही हसलोय. तो समोर बसलेला असताना हसलोय.

म्हणून या सुट्टीत मी वाचायला घेतलं. त्याची परवानगी घेऊन लिहितोय. अट एकच: नाव नाही, ब्रँच नाही, गाव नाही.

पहिल्यांदा शब्दांचा घोळ निस्तरू. आपण 'समलिंगी' म्हणतो तेव्हा दोन गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे कल, मन कुणाकडं ओढलं जातं ते. दुसरी म्हणजे वागणं. वागणं माणूस ठरवू शकतो. कल ठरवू शकतो का, हा खरा प्रश्न आहे.

हे मला माझ्याच हातावरून कळलं. मी मूळचा डावरा. केजीत असताना पेन्सिल डाव्या हातात दिसली की ती काढून उजव्या हातात दिली जायची, कधी प्रेमानं, कधी पट्टीनं. घरी आजी होतीच, "डाव्या हातानं जेवत नाहीत रे!" शेवटी मी उजव्यानं लिहायला लागलो. आज माझी जर्नल बघून कुणी ओळखणार नाही. पण बॅडमिंटनची रॅकेट, दगड भिरकावणं, अंधारात खोलीचं कुलूप उघडणं, सगळं डाव्यानंच. म्हणजे वागणं बदललं, कल आहे तिथंच राहिला. आणि फर्स्ट इयरला मिनी ड्राफ्टर लावून शीट काढताना जे हाल होतात ते डाव्या मंडळींना विचारा. ड्राफ्टर बनवणाऱ्यानं उजवा माणूसच डोळ्यांपुढं धरलेला असतो. त्यात डावऱ्याचा काय दोष?

आता शास्त्र. यात एक पठडी आहे, जुळ्यांचा अभ्यास. एकसारखी दिसणारी जुळी भावंडं म्हणजे एकाच फलित बीजाचे दोन भाग, जनुकं जवळपास तीच. साधी जुळी म्हणजे एकाच वेळी जन्मलेली नेहमीची भावंडं. कल पूर्णपणे जनुकांनीच ठरत असता, तर एकसारख्या जुळ्यांत एक समलिंगी तर दुसराही असायलाच हवा, शंभर टक्के. १९९१ साली अमेरिकेत बेली आणि पिलार्ड यांनी समलिंगी पुरुषांच्या भावांचा अभ्यास केला. एकसारख्या जुळ्यांमध्ये दुसरा भाऊही समलिंगी असण्याचं प्रमाण ५२ टक्के निघालं, साध्या जुळ्यांमध्ये २२ टक्के आणि दत्तक भावांमध्ये ११ टक्के. रक्ताचं नातं जसं दूर जातं तसा आकडा उतरतो. पण ५२ म्हणजे काही १०० नव्हे!

इथं इंजिनिअरनं एक शंका काढायलाच हवी: सॅम्पल कसं घेतलं? तर त्यांनी समलिंगी लोकांच्या नियतकालिकांत जाहिराती देऊन माणसं गोळा केली होती. ज्यांचा जुळा भाऊही तसाच आहे ते अशा जाहिरातीला उत्साहानं उत्तर देणार, हे उघड आहे. पुढे २००० साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं निवडून अभ्यास झाला, तेव्हा आकडा बराच खाली आला. जनुकांचा वाटा आहे, पण तेवढ्यावर काम भागत नाही.

मग २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. सुमारे ४ लाख ७७ हजार माणसांची जनुकीय माहिती. त्यात समलिंगी संबंधांशी नातं दाखवणाऱ्या फक्त पाच जागा ठळकपणे सापडल्या, आणि प्रत्येकीचा परिणाम अगदी किरकोळ. हजारो बारीकसारीक फरक एकत्र धरले तर माणसामाणसांतल्या फरकाचा ८ ते २५ टक्के भाग त्यांच्यावर टाकता येतो. रक्त तपासून कुणाचा कल सांगणं अशक्य. दुसऱ्या दिवशी जगभर बातमी काय झाली? "गे जीन नाही." आणि त्यावरून काही जणांनी लगेच निष्कर्ष काढला: जनुक नाही, म्हणजे ही निवडच!

हा निष्कर्ष साफ चुकीचा आहे, आणि मला वाटतं सगळ्या चर्चेची गाडी इथंच घसरते. 'जनुकात नाही' आणि 'मी ठरवलं' यांच्यामध्ये खूप मोठी जागा आहे. डावरेपणाचंच बघा. साधारण दहातला एक माणूस डावरा. एकसारख्या जुळ्यांतही एक डावरा, एक उजवा असं सर्रास आढळतं. डावरेपणाचंही एकच एक जनुक सापडलेलं नाही. म्हणून कुणी म्हणतं का, की डावऱ्यानं डावं व्हायचं ठरवलं?

जनुकांशिवाय काय असू शकतं? एक उत्तर आईच्या पोटात मिळतं. कॅनडातल्या ब्लँचर्ड आणि बोगार्ट यांनी १९९६ साली दाखवलं, की एखाद्या मुलाला जितके सख्खे मोठे भाऊ असतात तितकी तो समलिंगी असण्याची शक्यता वाढते, दर भावामागं साधारण ३३ टक्क्यांनी. मोठ्या बहिणींनी फरक पडत नाही. आणि २००६ साली बोगार्ट यांनी दाखवलं, की सावत्र किंवा दत्तक भावांबरोबर एकाच घरात वाढल्यानंही फरक पडत नाही. मात्र एकाच आईच्या पोटी जन्मलेला मोठा भाऊ दुसरीकडं वाढला, तरी पडतो! म्हणजे गोष्ट घरातल्या वळणाची नाही, गर्भातली आहे. एक स्पष्टीकरण असं, की मुलगा पोटात असताना त्याची काही प्रथिनं आईच्या शरीराला परकी वाटतात, तिच्यात प्रतिपिंडं तयार होतात आणि पुढच्या मुलाच्या वेळी त्यांचा परिणाम होतो. २०१८ साली अशा एका प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं समलिंगी मुलांच्या आयांमध्ये जास्त आढळली. ३३ टक्के ऐकून दचकू नका. समजा मूळ शक्यता शंभरात दोन असेल, तर एका मोठ्या भावानं ती पावणेतीनच्या आसपास जाते, बस्स. आणि ज्याला मोठा भाऊच नाही असा समलिंगी मुलगाही असतोच. माझा मित्र थोरला आहे.

आता आईच्या थिअरीकडं येऊ, संगोपन. याचा सरळ प्रयोग कुणी करू शकत नाही. कुठल्या बाळाला मुद्दाम वेगळं वाढवणार? पण नियतीनं एक भयंकर प्रयोग केला आहे. काही मुलगे जन्मतःच लिंगाची वाढ न झालेले असतात, तर काहींचं लिंग तान्हेपणी अपघातानं जातं. पूर्वी पाश्चात्त्य देशांत डॉक्टर सांगत, यांना शस्त्रक्रिया करून मुलगी म्हणूनच वाढवा. कपडे मुलीचे, नाव मुलीचं, आईबाप मुलगी समजूनच वाढवणारे. २०१६ साली बेली आणि सहकाऱ्यांनी अशा सात जणांच्या नोंदी एकत्र मांडल्या. मोठेपणी सातही जणांचा ओढा प्रामुख्यानं बायकांकडं होता. तान्हेपणापासून पूर्ण घरानं एका बाजूला ढकललं, तरी कल हलला नाही. मग थोडे जास्त लाड केले, वडील कडक होते, मुलगा बहिणींबरोबर भातुकली खेळला, अशानं तो कुठून हलणार? सात हा आकडा लहान आहे, मान्य. पण संगोपनानं कल घडतो म्हणणाऱ्यानं या सातांचं काय ते सांगावं.

वडिलांची थिअरी आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याची, कारण आरोप हॉस्टेलवर आहे! ब्रिटनमध्ये १९९० च्या सुमारास सुमारे १९ हजार लोकांचं लैंगिक जीवनाविषयी मोठं सर्वेक्षण झालं. बोर्डिंग शाळांचा देश तो. त्यात दिसलं, की बोर्डिंगमध्ये शिकलेल्यांना आयुष्यात कधीतरी समलिंगी अनुभव आलेला असण्याचं प्रमाण जास्त होतं. पण मोठेपणी समलिंगी संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात इतरांपेक्षा जास्त नव्हतं. म्हणजे एकत्र राहण्यानं वागण्याला संधी मिळते, कल तयार होत नाही. रेक्टर सरांनी हे वाचून सुटकेचा निःश्वास टाकावा. हॉस्टेलनं एवढंच होतं, की घरी जे स्वतःशीही बोलता येत नाही ते एखाद्या मित्राशी बोलता येतं. बाकी हॉस्टेलनं माणूस बदलत असता तर आमच्या विंगमधले निम्मे लोक एव्हाना सकाळी आठच्या लेक्चरला हजर राहिले असते.

कायद्याच्या जुन्या कलमात 'निसर्गाच्या क्रमाविरुद्ध' असे शब्द होते. तर निसर्गातला एक नमुना. अमेरिकेत रोझेली नावाच्या शास्त्रज्ञानं पाळीव मेंढ्यांवर बरीच वर्षं काम केलं. साधारण ८ टक्के नर समोर माजावर आलेली मेंढी असूनही दुसऱ्या नराकडंच जातात, आणि त्यांच्या मेंदूतला एक विशिष्ट भाग इतर नरांपेक्षा लहान असतो. हे मी जतकडच्या एका मित्राला सांगितलं. त्यांच्याकडं माडग्याळ मेंढ्यांचा कळप आहे. मला वाटलं चकित होईल. तो म्हणाला, "त्यात काय? असतोय की एखादा. आमचे आबा अशाला पैदाशीला ठेवत नाहीत." एवढंच! आबांनी त्या मेंढ्याला कधी विचारलं नाही की तू असं का ठरवलंस.

मुलींबद्दल कमी लिहितोय याचा राग मानू नका. संशोधनच पुरुषांवर जास्त झालंय. लिसा डायमंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी मात्र काही स्त्रियांना दहा वर्षं पुन्हा पुन्हा भेटून अभ्यास केला, त्यावरचं पुस्तक २००८ साली आलं. त्यांना आढळलं, की बऱ्याच जणींचा ओढा काळानुसार थोडाफार सरकला. पण तो आपण ठरवून सरकवला असं त्या स्त्रिया म्हणत नव्हत्या. बदल होणं वेगळं, बदल करणं वेगळं. आठवी-नववीत आपला आवाज फुटला, तो काय आपण अर्ज करून फोडला? आपल्याकडं विजय तेंडुलकरांनी 'मित्राची गोष्ट' हे नाटक आणलं ते १९८१ साली, आणि त्याची नायिका कॉलेजातलीच मुलगी आहे. चाळीस वर्षं उलटून गेली. आपल्या किती जणांनी नाव ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं.

त्याहून जुनी गोष्ट आहे, आणि ती वाचून मी खरोखर थक्क झालो. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी मुंबईच्या विल्सन कॉलेजातली नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ साली मरेपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक चालवलं. लोक त्यात असे प्रश्न विचारत जे आज आपण गुगललासुद्धा इन्कॉग्निटोमध्ये विचारतो, आणि कर्वे गणित सोडवावं तशी सरळ उत्तरं देत. हस्तमैथुन, समलिंगी संबंध, काहीही. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. बाबासाहेबांनी हॅवलॉक एलिस या इंग्रज अभ्यासकाच्या ग्रंथांचा आधार घेतला. एलिसचं म्हणणं होतं की हा कल बहुतेकांमध्ये जन्मजात असतो. बाबासाहेबांचा मुद्दा असा, की एखाद्याचा कल तसा असेल तर त्यात गैर काय, आणि लोकांच्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तर देणं हा गुन्हा कसा? खटला हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

हे वाचताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली आणि ती जाईना. आपण 'जन्मजात' हे सिद्ध करायला एवढे धडपडतो, कारण वाटतं की जन्मजात ठरलं की समाज माफ करेल. पण बाबासाहेबांना समाजानं छळलं ते कशावरून? जन्मावरूनच ना? साताऱ्यातल्या शाळेत त्यांना वेगळं गोणपाटावर बसवलं ते काही त्यांनी निवडलेल्या गोष्टीसाठी नव्हे. जन्मजात असणं हे कधीच कुणाचं संरक्षण झालेलं नाही. उलट, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी बौद्ध धम्म घेतला, तो पूर्ण विचार करून केलेली निवड होती, आणि घटनेनं तो अधिकार प्रत्येकाला दिलाय. म्हणजे निवड असली म्हणून हक्क जात नाही, आणि जन्मजात असलं म्हणून छळ थांबत नाही. माझा मित्र जन्मतःच तसा आहे की गर्भात तसा झाला की लहानपणी कधीतरी, याचा शेवटचा निकाल शास्त्रज्ञ लावतील तेव्हा लावतील. त्यानं कुणाचं वाकडं केलेलं नाही हे कळायला तो निकाल लागत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १८६० च्या दंडविधानातलं ३७७ कलम. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सज्ञान व्यक्तींच्या खासगी, संमतीच्या संबंधांपुरतं ते बाजूला केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा आणलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींनी एकमतानं असे संबंध गुन्हा नाहीत असं सांगितलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम नाही. लग्नाची मान्यता मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाली नाही.

आणि आता ज्या गोष्टीनं मला रात्रभर झोप लागली नाही ती. दिवाळीनंतर माझ्या मित्राला एका शहरातल्या एका डॉक्टरांकडं नेलं होतं. "सहा महिन्यांत नॉर्मल करतो" अशी गॅरंटी. फी आगाऊ. गोळ्यांनी तो दिवसभर झोपायचा. गेल्या सेमिस्टरला तो लेक्चरला डुलक्या घ्यायचा, तेव्हा आम्ही त्याला कुंभकर्ण म्हणायचो.

तर पालकांसाठी मुद्दाम लिहितो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं समलिंगी असणं आजारांच्या यादीतून १९७३ साली काढलं, जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० साली. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१८ साली स्पष्ट सांगितलं की हा आजार नाही. जो आजारच नाही त्याचं औषध कसलं? रॉबर्ट स्पिट्झर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञानं २००३ साली लिहिलं होतं की काही लोक उपचारांनी बदलतात. त्यांचा पुरावा म्हणजे त्या लोकांनी फोनवर दिलेली स्वतःची साक्ष. २०१२ साली त्यांनी स्वतःच तो अभ्यास चुकीचा म्हणून जाहीर माफी मागितली. आपल्याकडं मद्रास उच्च न्यायालयानं २०२१ साली असे 'बदलण्याचे' उपचार थांबवायला सांगितलं आणि २०२२ साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ते डॉक्टरांच्या बाबतीत व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. म्हणजे कुणी गॅरंटी देत असेल, तर तक्रार त्याच्याविरुद्ध करायची असते.

मित्रानं आता त्या गोळ्या बंद केल्यात. स्वतःच्या मनानं नाही, दुसऱ्या एका डॉक्टरांना विचारून, हळूहळू. या लेखाचा कच्चा खर्डा त्यानं वाचला. ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या आणि म्हणाला, "ते सात जणांचं उदाहरण खोडू नको. आईला ते पटेल."

हेच मराठीत लिहिण्याचं कारण. त्याच्या आईला इंग्रजी येत नाही. रविवारची पुरवणी मात्र ती पहिल्या ओळीपासून शब्दकोड्यापर्यंत वाचते म्हणे. मासिक हातात आलं की तो घरी जाताना बॅगेत टाकून नेणार आहे आणि टीव्हीशेजारी ठेवणार आहे, सहज ठेवल्यासारखं.

काकू, तुमचं काही चुकलेलं नाही. हॉस्टेलचंही नाही. तो जेवतो व्यवस्थित, या वेळी मॅथ्सही सुटेल. तुम्ही पाठवलेला लाडवांचा डबा दोन दिवसांत संपला, त्यातले अर्धे मीच खाल्ले. डबा त्याच्याबरोबर परत पाठवतोय.